मदत हवी आहे : आजींची लाज राखायला घरच्यांना कसं सांगू?

नमस्कार. मी घरी जाऊन वृद्धांची सेवा करते. सध्या अर्धांगवायू झालेल्या एका आजींकडे आहे. उजवी बाजू चालत नाही, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं.

अंग पुसताना मी दार लोटून घेते, चादर अंगावर ठेवून जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करते. हात लावण्याआधी सांगते, "आजी, आता पाठ पुसते हं." चेहरा त्या स्वतः डाव्या हाताने पुसतात. वेळ लागतो, लागू दे.

अडचण घरच्यांची आहे. माणसं प्रेमळ आहेत, पण मुलगा कपाटातलं काही घ्यायला दार न वाजवताच आत येतो. परवा तो आला तेव्हा आजींनी डाव्या मुठीत चादर धरून हनुवटीपर्यंत ओढली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुपारी जेवल्या नाहीत. शिवाय पाहुण्यांसमोर, आजींच्या देखत, मला विचारतात, "आज पोट साफ झालं का हिचं?" पलंगावरचे फोटोही नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात.

मी पगारी बाई. लहान तोंडी मोठा घास वाटेल का? आधी आजींनाच विचारावं म्हणते, मी बोललेलं चालेल का. मानेने हो-नाही त्या नीट सांगतात. कडी लावायला मन धजत नाही, त्यांचा तोल गेला तर मदतीला कुणी यायला हवं. पलंगाभोवती पडदा किंवा दारावर पाटी कुणी लावली आहे का? आणि मुलाशी बोलायला सुरुवात कुठल्या शब्दांनी करू?