टोकियोच्या डिस्नीलँडचा पैसा डिस्नीच्या हिशोबात ठळक का दिसत नाही?

आळशी_कासव:
शेअर बघता बघता पार्कवाल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळायला घेतले आणि पार गोंधळलो. एकीकडे तिकीट, खाणंपिणं, हॉटेल असे भाग पाडलेत, दुसरीकडे अमेरिका, युरोप, आशिया. टोकियोला तर बाराही महिने झुंबड असते म्हणतात, मग तो पैसा जातो कुठे?

मोजूनमापून:
टोकियोचं पार्क डिस्नीच्या मालकीचं नाहीच हो. १९८३ ला उघडल्यापासून ते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते, डिस्नीला फक्त रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू दिल्याचा वाटा. आकडा छोटा दिसतो पण त्यात खर्च जवळजवळ नाहीच, राईड बिघडली तर डोकेदुखी दुसऱ्याची. पॅरिसचं उलटं, १९९२ ला उघडलं आणि वर्षानुवर्षं कर्जात रुतलं, शेवटी २०१७ ला डिस्नीने बाकीचे शेअर पण घेऊन टाकले. शांघायची गंमत वेगळीच, हिस्सा ४३ टक्के पण उत्पन्न अख्खं पुस्तकात दाखवतात आणि भागीदाराचा वाटा खाली नफ्यातून वजा होतो. त्यामुळे नुसती वरची ओळ, म्हणजे एकूण उत्पन्न बघून देशादेशांची तुलना करू नका, फसाल.

झोपाळा:
आणि सगळे डिस्नी नसतात. सिक्स फ्लॅग्ज ही पार्कवाली कंपनी घ्या, २०२४ ला सीडर फेअर या दुसऱ्या पार्कवाल्या कंपनीत विलीन होऊन ४२ पार्कं झाली, सगळी उत्तर अमेरिकेत. थंडीत बरीचशी बंद, म्हणजे उन्हाळ्यात कमवायचं आणि वर्षभर पुरवायचं, त्यात ऐन सीझनमध्ये पाऊस लागला की बोंबला. म्हणून सीझन पासवर (एकदा पैसे भरा, सीझनभर कितीही वेळा या) एवढा जोर. पैसे आधीच हातात येतात, पण उत्पन्न म्हणून लगेच धरता येत नाहीत, सीझन सरेल तसे थोडे थोडे मोजतात. पासवाला दर खेपेला गेटवर काही देत नाही पण पार्किंग, पिझ्झा, कोल्ड्रिंक हे चालूच, पोरं बरोबर असली की तर विचारूच नका 😄

आळशी_कासव:
अच्छा म्हणजे तिकीट हे फक्त आत घेण्याचं निमित्त?

मोजूनमापून:
अगदीच तसं नाही. डिस्नीत पार्क, क्रूझ, खेळण्यांचं लायसन्स असा सगळा विभाग धरला तर २०२४ च्या आर्थिक वर्षात साधारण ३४ अब्ज डॉलर, त्यातला एक तृतीयांश तिकिटाचा. लहान कंपन्यांत हाच वाटा निम्म्याच्या वर जातो, कारण त्यांच्याकडे क्रूझ नाही की घरोघरी विकला जाणारा उंदीर नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी प्रॉडक्ट म्हणजे रांग. १९९९ ला आलेला डिस्नीचा फास्टपास, म्हणजे रांग टाळायची सोय, फुकट होता, २०२१ पासून रांग टाळायचे वेगळे पैसे लागतात. नवीन राईड बांधायला नको, काही नको.

आळशी_कासव:
हे रांगेचे पैसे अहवालात कुठल्या ओळीत असतात? मला तर कुठे दिसले नाहीत.

मोजूनमापून:
तिकिटाच्याच.