मदत हवी आहे: टपावर लाईट बार असूनही रात्री जंगलातल्या वाटेवरचे खड्डे दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) चालवतोय. दिवसा कच्च्या वाटेवर आता बऱ्यापैकी हात बसलाय, पण रात्री अजून जमत नाही. गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर झोप उडाली आहे, म्हणून हा धागा.

आम्ही दोन गाड्या होतो. रीतसर परवानगी काढून जंगलातल्या वाटेने मुक्कामाच्या जागी निघालो होतो, मागे सामान खचाखच. ही वाट मी दिवसा चार वेळा केलेली आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास एक साधा चढ आला. फोर लो (चारही चाकांना हळू वेगात जास्त जोर), पहिला गिअर, टायरमध्ये हवेचा दाब २२ पीएसआय (डांबरी रस्त्यावर ३२ ठेवतो). समोर पाचोळ्याने झाकलेली सपाट वाट दिसत होती, आणि अचानक पुढचं डावं चाक खाली गेलं. गाडी डावीकडे कलली, मागचं उजवं चाक हवेत. ॲक्सिलरेटर दिला की नेमकी तीच दोन चाकं नुसती फिरत होती. बायको वरचं हँडल धरून गप्प बसली होती आणि मागे मुलगी. तो अर्धा मिनिट मी विसरणार नाही.

इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि सगळ्यांना चढाच्या बाजूने खाली उतरवलं. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर पावसाच्या पाण्याने कापलेला गुडघाभर खोल ओघळ होता. टॉर्चच्या उजेडात तो अगदी स्पष्ट दिसत होता! मग गाडीतून का दिसला नाही? चाकाखाली दगड भरले, दुसऱ्या गाडीने मागच्या हुकाला पट्टा लावून हळू ओढलं, तेव्हा दीड तासाने सुटलो.

हेडलाईट कंपनीचेच आहेत, ६०/५५ वॉटचे हॅलोजन. खास रात्रीसाठी म्हणून टपावर पांढराशुभ्र एलईडी बार लावला, ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). उजेड भरपूर पडतो, झाडांचे शेंडेसुद्धा दिसतात, पण जमिनीचा अंदाज येत नाही. पुढच्या गाडीची धूळ उडाली की समोर पांढरी भिंतच उभी राहते. चढाच्या माथ्यावर तर उजेड आभाळात जातो आणि पलीकडे काय आहे ते कळतच नाही.

आणखी जास्त वॉटचा बार घ्यावा की माझंच काही चुकतंय? जाणकारांनी सांगावं. घरच्यांना घेऊन पुन्हा जायचं आहे, पण याचं उत्तर मिळाल्याशिवाय नाही.

प्रतिसाद:

सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. खाली उतरून टॉर्चने पाहिलंत आणि चाकं जास्त फिरवली नाहीत, हे फार चांगलं केलंत.

तुमचं उत्तर तुमच्याच टॉर्चमध्ये आहे. रात्री जमिनीचा उंचसखलपणा आपल्याला कळतो तो सावलीवरून. दिवा खाली असला की उजेड जमिनीला घासत जातो. खड्ड्याच्या अलीकडच्या काठामुळे आत उजेड पोचत नाही आणि तिथे काळा पट्टा दिसतो. दगडाची सावलीही लांब पडते. टपावरचा दिवा मात्र तुमच्या डोळ्यांच्याही वर. तो उजेड थेट खड्ड्याच्या तळाशी पोचतो आणि तळ, काठ, पाचोळा सगळं एकाच रंगाचं होतं. त्यामुळे वॉट वाढवले तर वाट आणखीच सपाट दिसेल.

शिवाय तो उजेड बॉनेटवर पडून डोळ्यांत येतो आणि बाहुल्या आकसतात. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाईलच्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं तरी त्यातलं बरंचसं वाया जातं. डॅशबोर्डचा उजेड अगदी मंद करा आणि पुढची काच आतून पुसा. आतल्या बाजूने धुरकट थर बसतो, तो दिवसा जाणवतही नाही. नकाशा पाहणाऱ्याने लाल उजेड वापरावा.

दुसरा संशय सामानाचा. मागे वजन भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिप्पर (हेडलाईटचा जवळचा, खालचा उजेड) सुद्धा दूर पडतो, म्हणजे चाकासमोरचा जो तुकडा तुम्हाला हवा तोच अंधारात. सपाट जागी भिंतीसमोर गाडी रिकामी उभी करा, उजेडाची वरची कड टेपने आखा, मग सामान भरून परत पाहा. फरक दिसला तर हेडलाईटची लेव्हल खाली घ्या. दिवे वाढवायचेच असतील तर बंपरवर, खाली, रुंद फेकीचे आणि पिवळसर लावा.

धुळीत टपावरचा बार आणि अप्पर (हेडलाईटचा दूरचा उजेड) दोन्ही बंद करा. पुढच्या गाडीला जाऊ द्या, धूळ बसू द्या. मात्र वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं, हे निघतानाच ठरवा.

माथ्यावर मात्र दिवा कोणताही लावा, उपयोग नाही. तिथे थांबायचं, उतरायचं आणि पलीकडचा उतार पायी पाहून यायचं. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो आणि याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

प्रतिसाद:

वरच्याशी पूर्ण सहमत. माझ्याकडून दोन गोष्टी.

पुढे जायला दिव्यांचा एवढा थाट आणि मागे रिव्हर्सचा एक बारीक बल्ब, अशी बहुतेक गाड्यांची स्थिती असते. अरुंद वाटेवर झाड आडवं पडलेलं असेल तर शंभर पावलं रिव्हर्समध्येच यावं लागतं. मागे एक दिवा वेगळ्या स्विचवर लावून घ्या. आणि रात्री ओढ्याचं वाहतं पाणी लागलं तर उतरू नका. किती खोल आहे आणि ओढ किती आहे ते दिव्यांच्या उजेडात कळत नाही, आणि पाणी एअर इनटेकमधून (इंजिनला हवा जाते त्या वाटेने) आत गेलं की इंजिन जागीच बसतं. सकाळपर्यंत थांबा.

तसंच डोळे चमकताना दिसले की कृपया बार विझवा, डिप्पर करा आणि थांबा. प्रखर उजेडात जनावर गोंधळून जागीच खिळतं. आपण त्याच्या घरातून चाललोय.

धागाकर्ता:

मंडळी, मनापासून आभार. रविवारी मोकळ्या मैदानात सगळं करून पाहिलं. फावड्याने हातभर रुंद चर खणला, वर पाचोळा पसरला आणि गाडी तीस पावलांवर उभी केली. बार लावून पाहिलं तर चर गायब. बार विझवून नुसत्या डिप्परवर दोन मिनिटं डोळे सरावू दिले, तर तिथे चक्क काळी रेघ! बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवून पुन्हा केलं, तिलाही तेच दिसलं. भिंतीवर टेपची खूणही तपासली. सामान भरल्यावर उजेड चांगला चार बोटं वर सरकला होता.

टपावरचा बार काढून ठेवला आहे. मुक्कामी तंबू लावताना वापरेन.

आता एकच विचारायचं राहिलं. माथ्यावर किंवा ओघळापाशी कोणी उतरून वाट दाखवत असेल तर रात्री त्याचे हात दिसत नाहीत, आणि त्याने डोक्याला टॉर्च लावली तर ती थेट माझ्या डोळ्यांत येते. तुम्ही खुणा कशा ठरवता?

प्रतिसाद:

डोक्यावरची टॉर्च विझवायला सांगा. एका हातात छोटी टॉर्च, तिचा उजेड दुसऱ्या हाताच्या तळव्यावर. ड्रायव्हरला फक्त उजळलेला तळवा दिसतो, तो जिकडे जाईल तिकडे स्टेअरिंग. टॉर्च आडवी हलली की जागच्या जागी ब्रेक. खुणा एकानेच करायच्या, बाकीच्यांनी गप्प राहायचं. आणि त्याने गाडीच्या उताराच्या बाजूला किंवा गाडी आणि झाड यांच्या मध्ये कधीही उभं राहायचं नाही. तो ड्रायव्हरला दिसेनासा झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. हे निघण्याआधी, उजेडात, एकदा करून बघा.