प्रवासी राउटर : निघण्याआधी घरचा आयपी तपासा
प्रवासी राउटर म्हणजे सोबत न्यायचा छोटा राउटर. त्यावरून बाहेरगावी घरचं नेटवर्क वापरायचं, तर ‘घरच्या राउटरवर वायरगार्ड (घरापर्यंत सुरक्षित जोडणी करणारं व्हीपीएन) चालू करा, ५१८२० पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडा, झालं’ असं सांगतात. घरच्या कनेक्शनला स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) असेल तरच हे खरं. आमच्या कोथरूडच्या घरी नव्हता. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो सीजीनॅट. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. मग बाहेरून आत येताच येत नाही, पोर्ट कितीही उघडा. मला हे नागपूरच्या हॉटेलात कळलं, फार मनस्ताप झाला.

शेवटी स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा सार्वजनिक पत्ता) घेतला. टेलस्केलनेही (पोर्ट न उघडता घरच्या नेटवर्कशी जोडणारी सेवा) भागतं. पण पुणे सोडण्याआधी प्रवासी राउटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून घरचं नेटवर्क लागतंय का ते बघाच. घरच्याच वायफायवरून केलेली चाचणी फसवी असते.