डेस्कटॉपला वायफाय कशाला? लॅन केबल ओढा आणि विषय संपवा

केबलप्रेमी:
आमच्या शेजारच्यांचा पीसी वायफायवर रडतखडत चालायचा म्हणून त्यांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून ३०० चा घेतला, महिन्याला पैसे जास्त, आणि पीसीवर स्पीड तेवढाच. पोराचा ऑनलाइन क्लास तसाच अडकतोय. असं सगळीकडे चाललंय आणि मला याचा खरंच राग येतो, कारण लाइन चांगली असते, गडबड राउटर ते पीसी या शेवटच्या टप्प्यात असते. लॅपटॉप मोबाइल घरभर फिरतात, त्यांना वायफाय ठीक. डेस्कटॉप वर्षानुवर्षं एकाच टेबलावर. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस देते, आपल्या घरात १५ मीटर पण लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे, डेस्कटॉपला वायफाय लावूच नये.

भाड्याचं घर:
दादा, स्वतःच्या फ्लॅटमध्ये बोलायला सोपं आहे. आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, भिंतीला एक भोक पाडलं तरी मालक डिपॉझिटमधून कापतो, आणि कन्सील पाइप आधीच वायरींनी भरलेत. माझं म्हणणं, आधी कारण शोधा मग केबलचं बघू. माझा डोंगल, म्हणजे पीसीला वायफाय देणारा यूएसबीचा तुकडा, नखाएवढा, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटून. म्हणजे राउटर आणि डोंगलच्या मधे अख्खा पत्र्याचा डबा. त्यातून तो निळा यूएसबी ३ चा पोर्ट आणि बाजूच्याच पोर्टला एक्स्टर्नल हार्डडिस्क. यूएसबी ३ चालू असताना वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट करतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. मी फक्त एक यूएसबी एक्स्टेंशन वायर घेतली आणि डोंगल टेबलावर मॉनिटरच्या शेजारी आणून ठेवला. तेवढ्यावर कॉल तुटायचे बंद झाले. भोक नाही, पट्टी नाही.

केबलप्रेमी:
चांगलं झालं, पण तो तात्पुरता उपाय आहे हो. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये वायफायची लिस्ट उघडा, स्क्रोल करावं लागतं. आज तुमचा चॅनल मोकळा असेल, उद्या वरच्या मजल्यावर नवीन राउटर आला की परत तेच. हवा सगळ्यांची, केबल फक्त आपली.

दुकानवाला:
मी रिपेअरिंगच करतो त्यामुळे दोघांनाही सांगतो, अंदाजाने भांडू नका. राउटर पीसीजवळ न्या नाहीतर पीसी राउटरजवळ, एकदाच केबल लावून स्पीड बघा. केबलवर पण कमीच आला तर लाइन किंवा प्लॅनचा प्रश्न, कंपनीला फोन करा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी, तर डोंगल, जागा किंवा ड्रायव्हर. मग विंडोजच्या वायफाय प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड बघा. स्वस्त डोंगलच्या खोक्यावर १५० लिहिलेलं असतं पण तो एक अँटेनाचा, फक्त २.४ वाला, गर्दीत ७२ वर जोडला जातो आणि प्रत्यक्ष हातात ४० च्या आसपास पडतात. त्याला ३०० काय आणि ५०० काय, प्लॅन कुठलाही घ्या, फरक शून्य. ड्युअल बँड घ्या, २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा. आणि राउटरच्या नावापुढे ५जी दिसतं ते मोबाइलचं ५जी नाही, ५ गिगाहर्ट्‌झ आहे, गिऱ्हाइकांना हे रोज समजावतो.

केबलप्रेमी, केबल म्हणजे डोळे झाकून विश्वास असंही नाही. गिगाबिटला, म्हणजे १ जीबीपीएसला, आतल्या आठही तारा लागतात, क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, एखादी निसटली तर बऱ्याचदा १०० वर अडकतं आणि माणूस म्हणतो केबल लावूनसुद्धा स्पीड नाही.

कोकणातलं घर:
५ गिगाहर्ट्‌झ सगळ्यांना लागू नाही हो. आमचं जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती, ५ वाला सिग्नल माजघर ओलांडत नाही. दुकानातून रिपीटर गळ्यात मारला, तो राउटरकडून घेतो आणि त्याच रेडिओवरून पुढे पाठवतो त्यामुळे स्पीड जवळजवळ निम्मा. शेवटी माळ्यावरून केबलच टाकली. मी केबलप्रेमींच्या बाजूने. फक्त एक, उघड्यावरून दुसऱ्या इमारतीत केबल नेऊ नका, पावसाळ्यात वीज पडली की पोर्ट जातात.

भाड्याचं घर:
ताई, तुमच्याकडे माळा आहे, आमच्याकडे डोक्यावर स्लॅब. दुकानवाल्या दादांचं पटलं, ड्युअल बँड बघतोय. पण ज्याला फक्त गूगल मीट आणि मेल करायचं त्याला ४० पुरतात, त्याच्या मागे केबलसाठी का लागायचं?

केबलप्रेमी:
कारण मीटला स्पीड कमी चालतो पण अडखळणं चालत नाही. राउटरला पिंग लावून ठेवा, म्हणजे त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं, केबलवर १ मिलिसेकंद सरळ रेषेत, वायफायवर ३, ५, मधेच २००. तो २०० आला की समोरच्याला तुमचा अर्धा शब्द ऐकू येतो. मालक भोक पाडू देत नसेल तर चपटी फ्लॅट केबल मिळते, दाराच्या फटीतून जाते, स्कर्टिंगला चिकटवायच्या क्लिपा येतात, घर सोडताना काढून घ्या.

भाड्याचं घर:
आमच्या दाराला उंबरा आहे आणि घरात ऐंशीच्या आजी आहेत. त्यांच्या पायात येईल अशी वायर मी टाकणार नाही, मग २०० येऊदे.

दुकानवाला:
दाराच्या चौकटीवरून वर न्या, उंबऱ्यावरून नको. आणि टाकायच्या आधी एक्स्टेंशनवरचा पिंग इथे द्या, गर्दीच्या वेळचा, रात्री नऊचा.