एलएससुद्धा सापडत नाही, पाथ बिघडवून बसलोय

प्रश्न: उबंटूवर (लिनक्सवर) रात्री फ्लटर हे अ‍ॅप बनवायचं साधन टाकलं. डॉट-बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलीच्या शेवटी पाथची (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्या यादीची) ओळ घातली, टर्मिनल परत उघडला तर एलएस (फाइली दाखवणारी कमांड), नॅनो (फाइल लिहायचा एडिटर), सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारी), सगळ्यांना 'कमांड नॉट फाउंड'. सीडी आणि एको मात्र चालतात. उद्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचाय, सिस्टिम नव्याने टाकायची वेळ आली का?

उत्तर: अजिबात नाही, फाइली जागेवरच आहेत. सीडी, एको या कमांड शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटातच असतात, त्यांना पाथ लागत नाही. तुम्ही 'बरोबर'च्या चिन्हापुढे फक्त फ्लटरचा फोल्डर लिहिलात ना? मग पाथमधली जुनी फोल्डरांची यादी पुसली गेली. त्या ओळीत आधी डॉलर-पाथ, मग कोलन, मग तुमचा फोल्डर असं हवं. नॅनो पूर्ण पत्त्याने उघडा: /यूएसआर/बिन/नॅनो. ओळ सुधारा, नवा टर्मिनल उघडा. मी हेच 2 वर्षांपूर्वी ऑफिसच्या सर्व्हरवर केलं होतं, तेव्हापासून अशी फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढतोच.

प्रश्नकर्ता: एलएस परत आलं, जीवात जीव आला! पण फ्लटर अजून सापडत नाही.

दुसरं उत्तर: फ्लटरचा मुख्य फोल्डर दिलाय का? शेल आतल्या फोल्डरांत शिरत नाही. त्याच्या आतल्या 'बिन' फोल्डरचा पत्ता द्या. आणि कृपा करून पाथमध्ये नुसता टिंब घालू नका, कुणी सुचवलं तरी. टिंब म्हणजे तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तो, आणि मग तिथली भलतीच फाइल चालू शकते.

प्रश्नकर्ता: बिनच राहिलं होतं. चाललं! दोघांचे मनापासून आभार.