समुद्रात न्यायच्या मेटल डिटेक्टरचा चार्जिंगचा बॅटरी डबा: कायमचा बंद की उघडता येणारा?

वाळूवेडा (न्यू जर्सी)

मंडळी, माझं मत मांडतोय. पटलं नाही तर कारणासकट सांगा.

गेली सहा वर्षं मी बेलमार आणि ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यांवर डिटेक्टर घेऊन उतरतो, बहुतेक वेळा छातीभर पाण्यात. अंगठ्या तिथेच सापडतात. गार पाण्यात बोटं आकसतात आणि लाटेसरशी अंगठी निसटते. माझं यंत्र जुनं, पल्स इंडक्शनचं (चुंबकी झटके सोडून धातू शोधणारं), आठ पेन्सिल सेलवर चालणारं. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या मूळ बॅटरी डब्यात पाणी गेलं, पट्ट्या हिरव्या पडल्या. एका बाईंना त्यांची लग्नातली अंगठी शोधून देतो म्हणून शब्द दिला होता, तो राहून गेला. मला ते अजून लागून आहे.

म्हणून नवा डबा करतोय. दीड इंची पीव्हीसी पाइप, त्यात १८६५० चे (लॅपटॉपच्या बॅटरीत असायचे तसे गोल, लांबट) तीन लिथियम सेल. त्रिकोणात रचले तर जेमतेम बसतात. सिरीजमध्ये जोडून ११.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६, सोबत बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारं छोटं सर्किट. आठ कोरे अल्कलाइन सेल १२.८ च्या आसपास देतात, त्यामुळे यंत्राला काही अडचण नाही.

आता मुद्दा. हा डबा उघडायचाच नाही, असं मी ठरवलंय. दोन्ही टोकांना सोल्युशन लावून कॅप बसवायच्या आणि चार्जिंगसाठी दोन पितळी स्क्रू बाहेर काढायचे. झाकण उघडलं की ओ-रिंगवर (झाकणाखालच्या रबरी कडीवर) वाळूचा कण बसतो आणि तिथूनच पाणी शिरतं. झाकणच नसेल तर पाणी शिरेल कुठून?

सोल्डरकाका (पुणे)

पूर्ण विरोध. हा डबा करू नका.

लिथियम सेल बिघडून तापला की त्यातून काही लिटर गॅस निघतो, तोही काही सेकंदांत. तुमच्या पाइपात सेल बसल्यावर पावशेर दुधाएवढीही मोकळी जागा उरणार नाही. पीव्हीसी फाटत नाही, त्याचे तुकडे उडतात. दाबाची हवा पीव्हीसी पाइपातून नेऊ नये, असं म्हणतात ते याचसाठी. आणि हा पाइप तुम्ही दंडाखाली बांधून फिरणार!

बीएमएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज, शॉर्ट एवढं तो सांभाळतो. पाणी शिरून बीएमएसवरच मीठ बसलं तर त्याला कोण सांभाळणार? शिवाय डबा बंद, म्हणजे आत काय चाललंय ते तुम्हाला कळणारही नाही.

वाळूवेडा

काका, फोनही बंदच असतो की. तो पाण्यात पडतो, उन्हात तापतो, आपण खिशात घालून फिरतो.

सोल्डरकाका

फोनमधला सेल मऊ पाकिटातला असतो. तो फुगला की फोनची मागची बाजू चिकटवलेल्या जागी उघडते. तिथे दाब साठत नाही. तुमचा पाइप दाब धरून ठेवेल. फरक एवढाच आहे, पण जिवावर बेतणारा आहे.

मिरकरवाडा (रत्नागिरी)

मी बंदरावर बोटींचे वायरलेस सेट आणि फिश फाइंडर दुरुस्त करतो. डिटेक्टर कधी हातात धरला नाही, पण खाऱ्या पाण्याने खाल्लेले डबे भरपूर उघडलेत. माझा अनुभव दोघांपेक्षा वेगळा आहे. झाकणाला उगाच दोष देताय.

पहिली गोष्ट, ऊन. डबा वाळूवर तापून आतली हवा ५० अंशांवर गेली आणि तसाच तो २५ अंशांच्या पाण्यात बुडवला, तर आतला दाब साधारण आठ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे जवळजवळ ८० सेंटीमीटर खोल पाण्याएवढी ओढ. तुम्ही गुडघाभर पाण्यात असलात तरी डब्याला ते कंबरेच्या वर असल्यासारखं. जिथे केसाएवढी फट असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. उपाय साधा आहे, डबा ओल्या पंचात गुंडाळून सावलीत ठेवायचा.

दुसरी गोष्ट, वायर. ही कुणाच्या लक्षात येत नाही. ग्लँड, म्हणजे वायर डब्यात शिरते तिथलं आवळायचं बूच, चांगला आवळलेला असतो, पण तो बाहेरून. पाणी वायरीच्या आतून, तारांच्या मधल्या पोकळीतून चढतं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं ना, तसंच. बाहेरचा कनेक्टर एकदा भिजला की आठवड्याभराने डब्याच्या आत ओल. वायर सोलून बघा, वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं असतं. म्हणून कल्हई केलेली वायर घ्या, आणि डब्यात शिरते तिथे इंचभर सोलून तारांमध्ये डाग (सोल्डर) पूर्ण मुरवा, वर एपॉक्सी ओता. पाण्याची वाट तिथे तुटते.

आणि ते पितळी स्क्रू? बारा व्होल्ट अंगावर घेऊन मिठाच्या पाण्यात उभे राहिले तर पॉझिटिव्हचा स्क्रू एका मोसमात झिजून जाईल. चार्जिंगच्या लाइनला डायोड टाका, म्हणजे करंट बाहेर येणार नाही. खरं तर स्क्रू नकोतच.

ओलीवाळू (गोवा)

मला कळत नाही, लिथियम हवंच कशाला? निकेल मेटल हायड्राइडचे आठ पेन्सिल सेल घ्या, मूळ डब्याच्या पट्ट्या बदला, ओ-रिंग नवी घाला. माझ्या नवऱ्याचं यंत्र चार वर्षं असंच चालतंय. पाणी शिरलंच तर सेल फेकायचे, आग नाही. दर वर्षी भारतात येता तेव्हा लिथियमचे सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्ये घ्यावे लागतात. वायरी लोंबणारा घरी केलेला पाइप विमानतळावर कुणाकुणाला समजावून सांगणार?

वाळूवेडा

ताई, विमानाचं खरं आहे. पण हिशेब बघा. आठ सेलचे ९.६ व्होल्ट होतात. माझं यंत्र तेवढ्यावर लवकर कमी बॅटरीची शिट्टी देतं. दहा सेल घातले तर व्होल्टेज जमतं, पण पाव किलोच्या वर वजन. लिथियमचे तीन सेल दीडशे ग्रॅमच्या आत येतात आणि त्यात वीजही जवळजवळ दीडपट. डिसेंबरच्या वादळानंतर वाळू धुऊन जाते, जुना थर उघडा पडतो, तेव्हा मी सहा-सहा तास असतो. अर्ध्यात बॅटरी संपली तर भरती त्या जागेवर पुन्हा वाळू आणून टाकते.

ओलीवाळू

सहा तासांसाठी दुसरा संच खिशात ठेवायचा. सुरक्षित ते सुरक्षित. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

सोल्डरकाका

ताई, तुमचं बरंचसं पटतं, पण निकेलचे सेलही निरुपद्रवी नाहीत. जास्त चार्ज झाले तर हायड्रोजन सोडतात. बंद डब्यात तो साठला आणि स्विचची ठिणगी पडली तर स्फोट होतो. पाण्याखाली डाइव्हिंग करणाऱ्यांच्या टॉर्चमध्ये हा धोका माहीत असल्याने काही टॉर्चमध्ये हायड्रोजन शोषणाऱ्या गोळ्या घालतात. म्हणून सेल कुठल्याही जातीचा असो, चार्जिंग डबा उघडा ठेवून, नाहीतर सेल बाहेर काढून. यात तडजोड नाही.

ओलीवाळू

आम्ही सेल काढून चार्जरलाच लावतो. म्हणून तर म्हणते, उघडणारा डबा हवा.

वाळूवेडा

दोन दिवस विचार केला. काका, तुकडे उडायची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दोन्ही कॅप चिकटवायच्या नाहीत, हे मान्य.

आता असं करतोय. एका टोकाला कॅप चिकटवलेली, त्यातून वायर, मिरकरवाडा म्हणतात तशी डाग आणि एपॉक्सी घालून. दुसऱ्या टोकाला प्लंबर पाइप तपासताना बसवतात ते रबरी बूच, चाकी नट आवळला की फुगून बसणारं. बाहेरचं पाणी त्याला आत दाबेल, आतून दाब आला तर ते सुटून बाहेर पडेल. तोंड पाण्याकडे, माझ्यापासून लांब. चार्जिंग घरीच, बूच काढून. स्क्रू रद्द. रबराला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलीन नाही, कारण काही रबरं त्याने फुगतात.

लिथियम मात्र ठेवतोय. ताई, माफ करा. आणि व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर घालणार नाही. एकाने सुचवला होता, पण त्याच्या स्विचिंगचा आवाज डिटेक्टरला ऐकू येतो आणि खोटे सिग्नल मिळतात.

सोल्डरकाका

हे बरं झालं. तरी बूच किती दाबाला सुटतं ते मोजल्याशिवाय मी तो पाइप दंडाला बांधणार नाही. दांड्याच्या मागच्या टोकाला, कोपराच्या मागे लावा. पुढच्या टोकाच्या कॉइलचं (धातू शोधणाऱ्या चकतीचं) वजनही तोलून धरेल आणि सेलचं लोखंड कॉइलपासून लांब राहील.

मिरकरवाडा

सेल घालायच्या आधी रिकामा डबा बंद करून कोमट पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते, फट असेल तिथून बुडबुडे येतात. मग आत टिश्यू पेपर घालून, दगड बांधून रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत.

वाळूवेडा

कोमट पाण्यात बुडबुडे आले, वायरीच्या बाजूने. एपॉक्सी पुन्हा ओतलंय. उद्या बादली.

मिरकरवाडा

घाई करू नका. एपॉक्सी पूर्ण एक दिवस सुकू द्या.