बहिणीचं दुसरं लग्न ठरतंय, पोरांच्या वाट्याच्या जमिनीचं काय?

कऱ्हाडचा_भाऊ:
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण वाळवा तालुक्यात दिलेली, दाजी वारले, पदरात मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ६ चा. आता चांगलं स्थळ आलंय, माणूस पोरांसकट न्यायला मनापासून तयार आहे आणि तिनं लग्न करावं असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. पण हे कळल्यापासून तिचा दीर मागं लागलाय की लग्न केलंस की इथला हक्क संपला, आधी हक्कसोडपत्रावर सही कर, तुझी पण आणि पोरांच्या वतीनं पण. दाजींच्या नावावर वाटणीत आलेलं सव्वा एकर उसाचं रान आहे, वारस नोंद अजून झाली नाही. दाजी एमआयडीसीत होते त्याची पीएफची पेन्शन येते. पोरांचं काही जाऊ नये एवढंच बघायचंय.

कृष्णाकाठ:
सही अजिबात करू देऊ नका. लग्न केल्यानं तिचा हक्क जात नाही, दाजी वारले त्याच दिवशी वाटा तिचा झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बायको, दोन्ही पोरं आणि सासू असेल तर ती, सगळ्यांना सारखा हिस्सा, दिराला त्यात काही नाही. वडिलोपार्जित धरलं तर पोरांचा जन्मापासूनच हक्क, मुलीचाही, म्हणजे त्यांचा वाटा अजून मोठा. आणि अज्ञान पोरांचा हिस्सा आईला पण कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, तसा सोडला तर पोरं १८ ची झाल्यावर ३ वर्षांच्या आत दावा लावू शकतात, पण तोवर त्या रानातला ऊस कुणाच्या नावावर कारखान्याला जाणार ते तुम्हाला माहितीये.
आधी तलाठ्याकडं मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन वारस फेरफार धरा. सातबाऱ्यावर पोरांच्या नावाला 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पोरांची पालनकर्ती आई, असं लागलं पाहिजे. दीर हरकत घेईल, घेऊ दे, मंडल अधिकाऱ्यापुढं सुनावणी होते.

तासगावची_लेक:
मी स्वतः दुसरं लग्न केलंय म्हणून लिहिते. पोरांचा वाटा कायद्यानं सेफ आहे, सावत्र बाप त्यांचा नैसर्गिक पालक पण होत नाही. अडचण ताईंच्या वाट्याची आहे. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं तर नवीन नवरा आणि सगळी पोरं, पुढं होणारी धरून, सारखे वाटेकरी. म्हणून लग्नाआधीच मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही तरी कराच. होणाऱ्या नवऱ्याला स्पष्ट सांगून करा, मी सांगितलं होतं आणि आमच्यात त्यावरून कधी शब्द झाला नाही.

कृष्णाकाठ:
मृत्युपत्र कधीही बदलता येतं, उद्या कुणी दबाव आणून बदलून घेतलं तर? पोरांना बक्षीसपत्र करून दिलेलं पक्कं, शेतजमिनीला मुलांसाठी मुद्रांक फक्त २०० रुपये आहे.

तासगावची_लेक:
पटत नाही. बाई एवढ्या तरुण वयात स्वतःचा वाटा देऊन मोकळी झाली आणि नवं घर जमलं नाही तर ती कुठं जाणार? तिच्या हातात काहीतरी राहू द्या, त्यात पोरांचं पण भलंच आहे.

पीएफवाला_सांगली:
पेन्शनचं कुणी बोललं नाही. लग्न झालं की बायकोची पेन्शन बंद होते, ते ऑफिसला कळवावं लागतं, नाहीतर पुढं वसुली निघते. पण पोरांची वाढते, विधवा पेन्शनच्या २५ टक्क्यांऐवजी ७५ टक्के प्रत्येकी, वयाच्या २५ पर्यंत. दोघांची बँक खाती आत्ताच काढून ठेवा.

कऱ्हाडचा_भाऊ:
लय आभार. सासूबाई आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या माझ्या बहिणीच्याच बाजूनं आहेत. त्यांचा वाटा पुढं दिराला जाईल का?

कृष्णाकाठ:
मृत्युपत्र नसेल तर अर्धा दिराला, अर्धा तुमच्या भाच्यांना, कारण वारलेल्या मुलाची पोरं त्याच्या जागी येतात. दाजींना अजून भाऊ-बहीण असतील तर त्या हिशोबानं कमी.